कॉलेज तंबाखूमुक्त करायचंय, पण नागपुरात खर्र्याचं काय करायचं?

खडू_डस्टर
नमस्कार. मी नागपुरात एका कॉलेजात शिकवते, सहा वर्षं झाली, नाव नको लिहायला. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याकडे आहे म्हणून मागच्या आठवड्यात प्राचार्य सरांनी बोलावून सांगितलं की मॅडम, आपल्याला परिसर तंबाखूमुक्त जाहीर करायचाय, पॉलिसी तुम्ही लिहा, पंधरा दिवसांत द्या. मी नेटवरून तीन-चार कॉलेजांच्या पॉलिस्या काढून वाचल्या. सगळ्या सारख्याच, धूम्रपान करताना आढळल्यास कारवाई करण्यात येईल, खाली सही, शिक्का, संपलं.

आता आमच्याकडे धूम्रपान निषिद्धची पाटी गेटवर कितीतरी वर्षांपासून आहेच, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांत मी आवारात कोणाच्या हातात सिगरेट पाच-सहा वेळाही पाहिली नसेल. पण मागच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जाऊन पाहा, खर्र्याच्या, म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून केलेल्या मिश्रणाच्या, पिचकाऱ्यांनी भिंत कंबरेपर्यंत लाल आहे. तिथे कोणीतरी देवांच्या फोटोंच्या टाइल्स लावल्या होत्या, तर पोरं देव सोडून बाजूच्या भिंतीवर थुंकायला लागली.

परवा मी मुद्दाम सकाळी साडेसातला गेले. आमच्या सफाईच्या मावशी मुलांच्या बाथरूमसमोरचं बेसिन साफ करत होत्या. ते बेसिन दर दोन-तीन दिवसांनी तुंबतं, पाणी वरपर्यंत येतं. मावशींकडे केसात लावायचा एक जुना आकडा आहे, तो सरळ करून घेतलाय, त्यानं जाळीच्या एकेका भोकातून सुपारीचे तुकडे उकरून काढतात. मला म्हणाल्या, मॅडम सुपारी पाण्यानं वाहून जात नाही, काढावीच लागते. हातमोजे नाहीत. मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ, मग मला उभंही राहवेना.

आणि पोरं वाईट नाहीत हो. थर्ड इयरचा एक मुलगा आहे, व्हायव्हात प्रश्न विचारला की एक बोट वर करतो, बाहेर जातो, थुंकतो, परत येतो आणि बरोब्बर उत्तर देतो. दर वेळी. त्याच्या वडिलांची शेती आहे काटोलकडे, घरातला पहिलाच शिकणारा. त्याला दंड मारून मी काय साधणार आहे.

तर माझे प्रश्न. पॉलिसीत नेमकं काय लिहावं म्हणजे ती खर्र्याला लागू होईल? गेटसमोरचे दोन पानठेले, त्यांचं काय? आणि सगळ्यात अवघड म्हणजे आमच्या ऑफिसातले तीन-चार जण आणि दोन सिनियर सर स्वतःच खातात, त्यांना कोण सांगणार? कोणी हे आपल्या कॉलेजात खरंच करून दाखवलं असेल तर लिहा, प्लीज.

हिंगणा_रोड
मॅडम, मी दुसऱ्या एका कॉलेजात चार वर्षांपूर्वी हेच काम केलंय, थोडं जमलं, थोडं नाही. लांब लिहितो, राग मानू नका.

तुमची शंका बरोबर आहे. आपले सगळे बोर्ड धुरासाठी लिहिलेले आहेत. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कोटपा कायदा आहे ना, त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले, कॉलेज त्यात येतं, २०० रुपयांपर्यंत दंड, आणि कॉलेजच्या आवारात तो दंड करायचा अधिकार प्राचार्यांनासुद्धा आहे. पण हे सगळं ओढणाऱ्यासाठी. गालात खर्रा दाबून वर्गात बसलेल्या पोराला कलम ४ हातही लावत नाही. अन् महाराष्ट्रात ओढणारे आहेत किती? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, तेच ज्याला गॅट्स म्हणतात, राज्यातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खाणारे निघाले आणि ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे आपण पाटी लावतो त्या ३.८ साठी. विदर्भात तर सगळा कारभार खर्र्यावरच चालून राहिला, हे तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून पहिली गोष्ट, कॉलेजच्या स्वतःच्या आचारसंहितेत लिहून काढा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक ज्या कागदावर सही करतात त्यात. आणि नुसतं 'तंबाखूजन्य पदार्थ' लिहू नका, आमच्याकडे एका पोट्ट्यानं मला तोंडावर सांगितलं होतं की सर हा तंबाखू नाही, खर्रा आहे. शब्द लिहा. खर्रा, गुटखा, सुगंधित सुपारी, बिडी, सिगरेट, ई-सिगरेट. ई-सिगरेट तर २०१९ पासून देशभर बंदच आहे, विकणं, साठवणं, सगळं. सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीवर राज्यात अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, गुटख्याची २०१२ पासून. ठेल्यावरच्या खर्र्यात सुगंधित तंबाखू पडत असेल तर तो माल मुळातच बंदीतला, कॉलेजपासून लांब असो की जवळ.

दुसरं ठेल्यांचं. कलम ६ प्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, म्हणजे ९१ मीटर आणि थोडं वर. हे अंतर गेटपासून मोजायचं नाही, आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून, कुंपणापासून, चहूबाजूंनी. बहुतेक कॉलेजं इथेच चुकतात, मेन गेटसमोर मोजतात आणि मागच्या गल्लीतला ठेला तसाच राहतो. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचना आहेत, २०१९ च्या, त्यात हे १०० यार्ड आखून दाखवायला सांगितलंय, म्हणून कॉलेजं रस्त्यावर पिवळी रेघ मारतात. त्याच सूचनांमध्ये तंबाखू मॉनिटर नेमायचे आहेत, शिक्षकांतून आणि विद्यार्थ्यांतून, त्यांचं नाव-पद बोर्डावर टाकायचं, आवारात थोटकं किंवा पिचकाऱ्यांचे डाग दिसायला नकोत, आणि सहा महिन्यांतून किमान एक कार्यक्रम घ्यायचा. आम्ही ३१ मे ला, जागतिक तंबाखूविरोधी दिनाला, घ्यायचो. ३१ मे ला नागपुरात ४५ डिग्री असते आणि कॉलेजात चिटपाखरू नसतं, फोटोपुरते आम्ही आठ जण असायचो. तो जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी घ्या, नवीन पोरं तेव्हा येतात.

तुमच्याकडे ज्युनियर कॉलेज असेल तर अजून एक. अकरावी-बारावीचे पोट्टे १८ च्या खालचे. त्यांना तंबाखू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कोटपाच्या २०० रुपयांना ठेलेवाला घाबरत नाही, पण हे ऐकलं की ऐकतो. धमकी म्हणून नाही, नीट बसून समजावून सांगा.

जे जमलं नाही तेही सांगतो. आम्ही पहिल्या वर्षी नुसता दंडच केला. पावती पुस्तक घेऊन दोन शिपाई फिरायचे. झालं काय तर जिना स्वच्छ झाला आणि पार्किंगमागची संरक्षक भिंत रंगली. जागा बदलली फक्त.

अंबाझरी_१८
मी पहिल्या वर्षापासून सहाव्या सेमपर्यंत खर्रा खाल्ला, आता तीन वर्षं झाली सोडून, म्हणून लिहितो, आणि ताई तुमच्या त्या व्हायव्हावाल्या मुलाबद्दल वाचून माझाच जुना चेहरा डोळ्यासमोर आला, कारण मी पण तेच करायचो, फक्त मी बाहेर जायच्याऐवजी खिडकीतून थुंकायचो.

सुरुवात हॉस्टेलवर झाली, परीक्षेच्या आदल्या रात्री, रूममेटनं दिला, म्हणाला यानं झोप येत नाही. झोप खरंच आली नाही, चक्कर आली, घाम फुटला, उलटी झाली, आणि तरी दुसऱ्या पेपरला मी स्वतः मागितला. मग रोजचा एक, मग दोन, दोन मित्रांत एक पन्नी वाटून घ्यायची, मग वाटणं बंद कारण पुरेना. शेवटी दिवसाला सहा. तेव्हा आमच्याकडे २० ला मिळायचा, हिशोब करा, महिन्याचे साडेतीन हजाराच्या वर, मेसचे पैसे मी त्यात घालवत होतो आणि घरी सांगायचो मेस महाग झाली. आईनं एकदा कानातले मोडून पैसे पाठवले होते. हे मी कोणाला सांगितलं नाहीये आजपर्यंत.

ठेल्यावर उभं राहायचं हीच अर्धी सवय असते, हे बाहेरच्यांना कळत नाही. भाऊ प्लास्टिकचा कागद पाटीवर अंथरतो, सुपारी टाकतो, तंबाखू टाकतो, बोटानं चुना लावतो, मग कागद गुंडाळून दोन्ही हातांनी खसाखसा घोटतो, तो आवाज ऐकला की तोंडाला पाणी सुटायचं, तो चार मिनिटं घोटतो तेवढ्यात तिथे सगळे मित्र, क्रिकेट, सबमिशन, कोणाचं कोणासोबत जमलं, सगळं तिथेच. कॉलेजनं आम्हाला बसायला जागा दिली नव्हती कुठे. कॅन्टीन चारला बंद, लायब्ररीत बोलायचं नाही, ग्राउंडला कुलूप. मग पोट्टे जातील कुठे? पॉलिसीत हे पण लिहा ताई, की कॅन्टीन सहापर्यंत चालू राहील आणि मागे झाडाखाली बाकं टाकू. हसू नका, खरं सांगतोय.

दंड झाला होता मला दोनदा. वर्गणी काढून भरला, त्याच वर्गणीतून उरलेल्या पैशाचा खर्रा आणला.

सोडला कसा, तर मामाच्या मुलाच्या लग्नात. पंगतीत लाडू उचलला आणि तो तोंडात जाईना. दातांमध्ये जागाच नाही. तोडून तोडून खाल्ला, समोर बसलेल्या मावशीनं पाहिलं आणि तिला वाटलं मी लाजून राहिलो. भाजीचा पहिला घास घेतला तर गालाच्या आतून आग. आधी तर्री अशी प्यायचो वाटीभर, आता नुसत्या वरणानं डोळ्यात पाणी. दुसऱ्या दिवशी मी डेंटलला गेलो.

पहिले तीन दिवस फार वाईट जातात. चिडचिड, डोकं दुखतं, झोप नाही, कशात लक्ष लागत नाही, मी मित्राला विनाकारण मारलं होतं. मग मला कोणीतरी १८००-११-२३५६ हा नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, आणि गंमत म्हणजे हा नंबर पाकिटांवरच छापलेला असतो, आम्ही रोज हातात धरून वाचत नव्हतो. पलीकडच्या बाईंनी भाषण नाही दिलं, विचारलं की पहिला खर्रा सकाळी किती वाजता लागतो, कोणासोबत, कुठल्या रस्त्यावर. मग म्हणाल्या एक तारीख ठरव, तो रस्ता बदल, आणि तलफ आली की घड्याळ बघ, काही मिनिटांत उतरते, तेवढी मिनिटं काढ. मी लॉ कॉलेज चौकातून जायचो रोज, महिनाभर फेरी मारून दुसरीकडून गेलो. बडीशेप-ओवा खिशात. दोन वेळा परत सुरू झालं, तिसऱ्या वेळी सुटलं. म्हणून कोणी परत पकडला गेला तर त्याला 'तुझं काही होणार नाही' म्हणू नका, एवढंच मागणं आहे.

दातवाले
वरच्या भावानं जे लाडूचं सांगितलं त्याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. मी दातांचा डॉक्टर, नागपुरात मेडिकल चौकात शिकलो, विदर्भातले पेशंट पाहूनच हात तयार झाला, आणि एकोणीस-वीस वर्षांचे पोरं तीन बोटं तोंडात घालू शकत नाहीत हे मी रोज पाहतो.

थोडं समजावून सांगतो कारण यात एक गैरसमज फार खोल बसलाय. हा आजार मुख्यतः सुपारीनं होतो, तंबाखूनं नाही. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू दोरीसारखं घट्ट होतं, पांढरट पडतं, बोट फिरवलं की पट्टे लागतात हाताला. तोंड उघडणं कमी होतं, तिखट लागतं, पुढे जीभसुद्धा नीट बाहेर येत नाही. एकदा घट्ट झालेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, औषधानं आणि व्यायामानं थोडी सुधारणा होते, थांबवता येतं, आणि यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसला तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच पक्कं सांगून ठेवलंय. खर्र्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही, वरून चुना.

म्हणून मॅडम, तुमच्या पॉलिसीत 'तंबाखूमुक्त' एवढंच असेल तर मुली आणि मुलं दोघंही गोड सुपारीच्या पुड्या खात राहतील आणि तुम्ही त्यांना शाबासकी द्याल. माझ्याकडे अशा मुली येतात ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, आणि तोंड दोन बोटंच उघडतं. आई सोबत असते, म्हणते डॉक्टर, ती तर फक्त मीठी सुपारी खाते. सुपारी हा शब्द घालाच.

वर्गात भाषणं आणि सडलेल्या जबड्याचे फोटो, याचा परिणाम मी फारसा पाहिला नाही, पोरं दोन दिवस घाबरतात. त्यापेक्षा तोंड तपासणी ठेवा. शासकीय दंत महाविद्यालयाला पत्र द्या, तिथले लोक शिबिराला येतात. पण मैदानात मांडव टाकून सगळ्यांसमोर नको, एक खोली, दार लावून, एकेकाला आत. ज्याचं तोंड कमी उघडतं त्याला तिथेच आरसा द्या, त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरायला सांगा. बोटं आत जात नाहीत तेव्हा चेहरा बदलतो, त्या वेळी बोललेलं लक्षात राहतं. नावं प्राचार्यांकडे जाणार नाहीत हे आधी लेखी द्या, नाहीतर कोणी येणार नाही.

निकोटिनची च्युइंगगम मिळते, २ मिलिग्रॅमची, पण ती नेहमीच्या गमसारखी चघळायची नसते, थोडी चावून गालात ठेवायची. ज्याचं तोंड आधीच आखडलंय त्याला ती त्रासाची, त्याला पट्टी बरी. डॉक्टरला विचारून घ्या, स्वतःहून नको.

ठेलेवाल्याचा_पोरगा
मी पण लिहून राहिलो, बरं वाटो नाहीतर नको. माह्या बाबाचा ठेला एका कॉलेजसमोर होता, चौदा वर्षं. मी त्याच ठेल्याच्या पैशावर बीकॉम झालो.

सगळे ठेलेवाल्याले असं बोलतेत जसं काही तो पोरांच्या तोंडात कोंबून राहिला. बाबाच्या उजव्या हाताची दोन बोटं चुन्यानं फाटलेली आहेत, उन्हाळ्यात रक्त निघते, रात्री आई खोबरेल लावून देते. त्यानं स्वतः कधी खर्रा खाल्ला नाही. माले खाऊ दिला नाही. त्याले माहीत होतं तो काय विकून राहिला ते, म्हणूनच मले ठेल्यावर बसू देत नव्हता.

मग एक दिवस अतिक्रमणवाले आले, तासाभरात ठेला उचलून नेला. कोणी आधी बोललं नाही, ना कॉलेजवाले, ना कोणी. त्यातला डबा, बरण्या, छत्री काहीच परत भेटलं नाही. चार महिने घरी बसला. आता लांब दुसऱ्या चौकात उभा राहतो, तिथे पुन्हा तेच विकतो, कारण चहा-बिस्किटात काही उरत नाही, घर खर्र्यावर चालते. मग त्या कॉलेजचे पोट्टे गाड्यांवर तिथे यायले लागले.

मॅडम, तुमी पिवळी रेघ माराच, मी नाही म्हणत नाही, माही लहान बहीण बारावीत आहे. पण रेघ मारायच्या आधी त्या दोन ठेलेवाल्यांले बोलावून एक कप चहा पाजा अन् सांगा, एवढ्या तारखेपर्यंत वेळ आहे, तंबाखू-सुपारी बंद करून पोहे, चहा, झेरॉक्स, रिचार्ज, जे चालेल ते लाव, पोरं तुह्याकडेच पाठवतो. फेरीवाल्यांचा पण कायदा आहे २०१४ चा, माणसाले असं उचलून फेकता येत नाही. बाबाले कोणी असं विचारलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, मले पक्कं माहीत आहे.

रात्रअभ्यासिका
मी वेगळं मत मांडतो. सिनियर कॉलेजातली मुलं १८ च्या वरची आहेत, मत देतात, गाडी चालवतात. विकणं कायद्यानं चालतं, सरकार त्यावर कर घेतं, मग खाणाऱ्याला कॉलेजनं का पकडावं? थुंकला तर दंड करा, मान्य. पण गुपचूप गालात ठेवून लेक्चर ऐकणाऱ्याच्या बॅगा तपासणं मला पटत नाही, मी विद्यार्थी आहे आणि माझी बॅग शिपायानं उघडली तर मला अपमान वाटेल.

हिंगणा_रोड
बॅगा तपासायच्या नाहीतच, मी ते लिहिलेलं नाही आणि आम्ही कधी केलं नाही. पण भाऊ, गुपचूप गालात ठेवणारा कधीतरी थुंकतोच. खर्रा गिळत नाही कोणी. ती पिचकारी कोण काढतं ते मॅडमनी वर लिहिलंय. त्या मावशी पण १८ च्या वरच्याच आहेत.

रात्रअभ्यासिका
हे मान्य.

खडू_डस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रात्री बसून वाचलं.

आज आम्ही भूगोल विभागाची मोजायची टेप घेऊन चार विद्यार्थ्यांसोबत भिंतीपासून १०० यार्ड मोजले, चारही बाजूंनी. समोरचे दोन ठेले आत येतातच, पण मागच्या गल्लीत तिसरा निघाला जो मला माहीतच नव्हता, भिंतीपासून ६० मीटरवर, आणि आमचे निम्मे पोरं तिथेच जातात असं त्या चौघांपैकी एकानं हळूच सांगितलं. हिंगणा रोडवाल्या सरांचं खरं निघालं.

तिघांनाही बुधवारी कॉलेजात बोलावलंय. चहा असेल. ठेलेवाल्याच्या पोराला सांगते, मी स्वतः जाऊन निरोप दिला, शिपायाकडून नाही पाठवला. एक जण म्हणाला, मॅडम पहिल्यांदाच कोणी आत बोलावून राहिलं.

पॉलिसीचा मसुदा लिहिला. त्यात खर्रा आहे, सुपारी आहे, थुंकणं आहे. पहिल्यांदा सापडला तर दंड नाही, तोंड तपासणी आणि एक बैठक, दुसऱ्यांदाही तेच, दंड फक्त थुंकल्यावर आणि तो पैसा मावशींच्या हातमोज्यांना आणि बेसिनच्या नवीन जाळीला. खर्र्याच्या पन्नीचंही टाकलंय, तसल्या पातळ प्लास्टिकवर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. कॅन्टीन सहापर्यंत चालू ठेवायला सर हो म्हणाले, बाकांचं बघू म्हणाले.

स्टाफचं मात्र अडलंय. मी मसुद्यात 'विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि पाहुणे, सर्वांना लागू' असं लिहिलं होतं, तर ऑफिसमधून कागद परत आला तेव्हा पेन्सिलनं 'शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी' याच्याखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह टाकलेलं. कोणी टाकलं माहीत नाही. मी ते खोडरबरानं पुसलं आणि तसाच परत वर पाठवला. जे दोन सर खातात त्यातल्या एकांकडे आज मी गेले, त्यांनी मला शिकवलंय, मी त्यांच्या हाताखाली पास झालेली. बोलायला जमेना. शेवटी म्हटलं, सर, तपासणी ठेवतोय, पहिलं नाव तुमचं लिहू का, मुलं तुमच्याकडे बघून येतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तीन बोटं म्हणजे कोणती तीन, आणि माझ्यासमोरच खुर्चीत बसून तोंड उघडून पाहिलं.

दोनच गेली.

तपासणी येत्या शनिवारी अकरा वाजता, पहिलं नाव त्यांचंच आहे. अंबाझरी_१८, तुम्ही नागपुरातच असाल आणि जमत असेल तर याल का? भाषण नकोय. बाहेर रांगेत नुसतं पोरांसोबत उभं राहायचं.

अंबाझरी_१८
येतो ताई. त्या व्हायव्हावाल्या मुलाला माझ्याजवळ उभं करा.